शहापूर-तानसा पट्ट्यात घर घेऊन भाड्यानं द्यायचं असेल, तर हप्ता, पाणी आणि सातबारा यांचा हिशेब आधी करा

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. त्याच्या बऱ्याच आधीपासून मुंबई-ठाण्यातल्या लोकांच्या फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर शहापूर, आसनगाव, वाशिंद, आटगाव आणि मुरबाडच्या जाहिराती दिसू लागल्या होत्या. स्टेशनजवळ वन बीएचके, तानसा तलावाच्या बाजूला फार्महाऊस प्लॉट, सातबारा नावावर, आणि सोबत एक ठरलेलं वाक्य: हप्ता भाड्यातून सुटेल.

यातल्या 'हप्ता भाड्यातून सुटेल' या भागाचा हिशेब कागदावर मांडला, तर चित्र बरंच वेगळं दिसतं.

हप्ता खरंच भाड्यातून सुटतो का?

समजा, कल्याण-कसारा मार्गावरच्या एखाद्या स्टेशनजवळ २५ लाखांचा फ्लॅट घेतला. (किमती आणि भाडी जागेनुसार बदलतात, हा फक्त हिशेबासाठी घेतलेला आकडा आहे.) रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देऊ शकते. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ही मर्यादा ८० टक्के, तर त्यापुढे ७५ टक्के आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च बहुतेक वेळा या किमतीत धरला जात नाही, तो खिशातून करावा लागतो.

आपण २० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरू. महिन्याचा हप्ता येतो साधारण १७,३५० रुपये. २० वर्षांत बँकेला एकूण सुमारे ४१ लाख ६५ हजार रुपये जातात, म्हणजे मुद्दलापेक्षा व्याजच थोडं जास्त.

आता भाडं बघू. महिना ७,००० रुपये भाडं धरलं आणि वर्षातला एक महिना घर रिकामं राहिलं, तर हातात येतात ७७,००० रुपये. यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना १,२०० प्रमाणे १४,४०० रुपये, घरपट्टी २,००० रुपये, आणि एजंटची दलाली, रंगकाम, नळ-वायरिंगची दुरुस्ती मिळून ७,००० रुपये वजा करा. उरतात ५३,६०० रुपये. २५ लाखांवर हा वर्षाचा परतावा जेमतेम २.१ टक्के होतो.

वर्षाचे हप्ते आहेत सुमारे २ लाख ८ हजार. म्हणजे भाडं घेऊनही दर महिन्याला जवळपास १२,९०० रुपये स्वतःच्या पगारातून घालावे लागतात. डाउन पेमेंटचे ५ लाख वेगळेच.

याचा अर्थ असं घर घेणं चूक आहे, असा नाही. पण मग हे भाड्याच्या उत्पन्नासाठी केलेलं नाही, तर किंमत वाढेल या आशेवर केलेलं धाडस आहे, हे स्वतःशी मान्य करायला हवं. दर महिन्याला १३ हजार रुपये घालण्याची ताकद किती वर्षं टिकेल, हा प्रश्न पहिला. नोकरी गेली किंवा भाडेकरू मिळेना, तर किमान सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवलेले असावेत. त्याआधी दुसऱ्या घराच्या मागे लागू नये.

एक दिलासा आहे. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीसाठी बँक दंड लावू शकत नाही. बोनस किंवा भिशीचे पैसे आले की मुद्दलात भरता येतात आणि सुरुवातीच्या वर्षांत त्याचा फायदा सर्वाधिक होतो. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी भरलेल्या २ लाख ८ हजारांपैकी सुमारे १ लाख ६८ हजार हे निव्वळ व्याज आहे.

इन्कम टॅक्समध्ये काय मिळतं?

भाड्याच्या उत्पन्नातून आधी मालकानं त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते. उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीवर एक रुपया खर्च केला किंवा लाख केला, तरी वजावट ३० टक्केच. मेंटेनन्स, दलाली वगैरे वेगळं दाखवता येत नाही. त्यानंतर कर्जाचं व्याज वजा होतं.

वरच्या उदाहरणात हा हिशेब तोट्यात जातो, सुमारे १ लाख १६ हजार रुपयांच्या. जुन्या करप्रणालीत असा तोटा वर्षाला २ लाखांपर्यंत पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येतो. नव्या करप्रणालीत भाड्याच्या घराचं व्याज भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतं, पण तोटा पगारातून वजा करता येत नाही. 'घर घ्या, टॅक्स वाचेल' हे एजंटचं वाक्य आता बहुतेक पगारदारांना लागू होत नाही, कारण त्यांनी नवी प्रणाली निवडलेली असते.

इथे भाड्यानं कोण राहतं?

हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. आसनगाव आणि आटगावच्या आसपासचे कारखाने आणि मुरबाडची एमआयडीसी इथले कामगार, शाळांचे शिक्षक, पंचायत समिती आणि सरकारी दवाखान्यातले कर्मचारी, आणि कसारा लोकलनं रोज ठाणे-मुंबई गाठणारी कुटुंबं, असा हा भाडेकरू वर्ग आहे. यातल्या कामगाराला वन बीएचके नको असतो. त्याला कंपनीजवळ एक खोली हवी असते आणि तिथे तो दोघा-तिघांत भाडं वाटून घेतो. त्यामुळे या भागात चाळीतल्या पाच खोल्या त्याच पैशांच्या फ्लॅटपेक्षा जास्त भाडं देऊ शकतात, फक्त त्या चाळीचं बांधकाम कायदेशीर असायला हवं.

लोकलनं जाणाऱ्यांचं गणित वेगळं. आसनगावपर्यंत गाड्या बऱ्या आहेत. पुढे आटगाव, खर्डी, कसाऱ्याकडे गाड्यांची संख्या कमी होते आणि एक गाडी चुकली की पुढच्या गाडीपर्यंत बराच वेळ जातो. मुरबाडला रेल्वेच नाही, कल्याणहून एसटी किंवा खासगी गाडी. कल्याण-मुरबाड रेल्वेची चर्चा अनेक वर्षांची आहे. रेल्वे येणार म्हणून आज जास्त किंमत मोजायची का, हे ज्यानं त्यानं ठरवावं, पण आजचा भाडेकरू आज धावणाऱ्या गाडीचंच भाडं देतो.

महामार्गाच्या कामामुळे वाढलेल्या मागणीबद्दलही सावध राहायला हवं. मोठं काम चालू असतं तेव्हा कंत्राटदाराची माणसं खोल्या घेतात, काम संपलं की जातात. खुटघरला समृद्धीचा इंटरचेंज आहे म्हणून जवळपासच्या गावात घर भाड्यानं जाईलच असं नाही. महामार्ग माणसं वेगानं पुढेही घेऊन जातो.

धरणं शेजारी, पाणी टँकरनं

तानसा धरण १८९२ साली बांधून पूर्ण झालं. तानसा, भातसा, मोडकसागर आणि मध्य वैतरणा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं शहापूर तालुक्यात किंवा त्याच्या सीमेवर आहेत. आणि याच तालुक्यातल्या गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. ही विसंगती इथल्या लोकांना नवी नाही, पण बाहेरून येऊन घर घेणाऱ्याला ती मे महिन्यात पहिल्यांदा कळते.

भाड्याच्या दृष्टीनं याचा थेट परिणाम होतो. बोअरवेल आटली की सोसायटी टँकर मागवते, टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो आणि भाडेकरू म्हणतो, पाणी नाही तर एवढं भाडं का देऊ? काही भाडेकरू उन्हाळ्यातच खोली सोडतात. म्हणून इथे घर बघायला पावसाळ्यात जाऊ नये. हिरवागार डोंगर आणि भरलेला नाला बघून सगळ्यांनाच भुरळ पडते. एप्रिल-मेमध्ये जावं, इमारतीतल्या दोन-तीन बायकांना विचारावं की पाणी दिवसातून किती वेळ येतं, टँकर किती दिवसांनी येतो आणि गेल्या उन्हाळ्यात त्यासाठी वेगळे पैसे काढले होते का. बिल्डरच्या माहितीपत्रकापेक्षा ही उत्तरं जास्त उपयोगी पडतात.

सातबारावरच्या 'इतर अधिकार' रकान्यात काय लिहिलंय?

सगळ्यात मोठा धोका इथे आहे. फ्लॅटच्या हिशेबात वर्षाला दीड लाखाचा तोटा होतो, जमिनीच्या व्यवहारात सगळीच रक्कम बुडू शकते.

शहापूर तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या अनुसूचित क्षेत्रात आहे. मुरबाड तालुक्यातलीही अनेक गावं त्यात आहेत. वारली, कातकरी, म ठाकूर, महादेव कोळी समाजाची इथे मोठी वस्ती आहे. आदिवासींच्या हातून जमिनी जाऊ नयेत म्हणून १९७४ मध्ये महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ आणलं गेलं. त्यानुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीला विकायची, बक्षीस द्यायची किंवा बदलून द्यायची असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि त्याला राज्य सरकारची पूर्वमंजुरी लागते. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तरी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी हवीच. अशी परवानगी नसलेला व्यवहार टिकत नाही आणि जमीन मूळ मालकाला परत जाऊ शकते.

तरीही 'आदिवासी जमीन आहे पण साठेखत करू, कुलमुखत्यारपत्र घेऊ, पुढे बघू' असं सांगणारे दलाल भेटतात. यात पैसे देणाऱ्याचं नुकसान आहेच, पण ज्या कुटुंबाची जमीन जाते त्याचं नुकसान त्याहून मोठं आहे. हा कायदा अडथळा म्हणून आलेला नाही, असे व्यवहार थांबवायलाच आला आहे. वनहक्क कायद्याखाली मिळालेल्या पट्ट्याचंही तसंच. तो वारसानं पुढे जातो, विकता येत नाही.

बाकीच्या अडचणी थोडक्यात. शेतजमीन शेतकरी नसलेल्या माणसाला घेता येत नाही, कुळकायद्याचं कलम ६३ त्याआड येतं. कुळाला मिळालेल्या जमिनीवर 'कलम ४३ ला पात्र' असा शेरा असेल, तर विक्रीचे वेगळे नियम आहेत. भोगवटादार वर्ग-२ असेल तर सरकारी परवानगी किंवा रक्कम भरणं आलं. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्यामुळे या डोंगराळ पट्ट्यातल्या अनेक सातबारांवर वनाचा शेरा आहे, आणि तिथे बांधकाम करण्याचा प्रश्नच येत नाही. तुकडेबंदीनुसार २०२३ पासून जिरायत जमिनीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. यावर उपाय म्हणून पाच-सहा अनोळखी लोकांच्या नावावर एकच सामायिक सातबारा करून देण्याची युक्ती चालते. त्यात नक्की कुठला कोपरा तुमचा, हे कागदावर कुठेच नसतं आणि बँक अशा जमिनीवर घरबांधणीचं कर्ज देत नाही.

खरं तर बँकेचा नकार हीच उत्तम फुकट तपासणी आहे. एनए प्लॉटवर बँका प्लॉट आणि बांधकाम मिळून एकत्र कर्ज देतात. तिथे राष्ट्रीयीकृत बँकेनं नाही म्हटलं आणि एजंट लगेच जादा व्याजाच्या पतपेढीकडे घेऊन गेला, तर थांबून नकाराचं कारण विचारावं.

गावठाणातल्या घराची गोष्ट जरा वेगळी. तिथे अनेकांकडे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा असतो. तो घरपट्टी आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नाही. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी करून गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका देण्याचं काम सुरू झालं. ज्यांच्या हातात ती आली, त्यांना कर्ज मिळणं सोपं जातं.

नव्या इमारतीत महारेरा क्रमांक बघावा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड किंवा आठपेक्षा जास्त सदनिका असलेल्या प्रकल्पाला नोंदणी बंधनकारक आहे, प्लॉटिंगच्या प्रकल्पांनाही. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. घर महिलेच्या नावावर घेतलं तर राज्यात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे.

११ महिन्यांचा करार आणि त्यामागची भीती

महाराष्ट्रात घर भाड्यानं देताना 'भाडेकरार' ऐवजी 'लिव्ह अँड लायसन्स' का करतात? याचं उत्तर जुन्या मुंबईत आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठवली आणि भाडेकरूला काढणं जवळपास अशक्य केलं. मालकांनी मग भाडेकरू न म्हणता लायसन्सवर जागा द्यायला सुरुवात केली. १९७३ मध्ये सरकारनं कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या लायसन्सधारकांनाही संरक्षित भाडेकरूचा दर्जा दिला. 'भाडेकरू घर बळकावतो' ही भीती त्या काळापासून मराठी घरांत मुरली आहे.

सध्या लागू असलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपली की राहणाऱ्यानं घर सोडायचं असतं. नाही सोडलं तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट भाडं मागू शकतो.

पण हे संरक्षण कागद नीट असेल तरच मिळतं. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. ११ महिन्यांचा करार नोंदवायची गरज नाही, हा समज वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची करणाऱ्या १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आला आहे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सला तो लागू पडत नाही. करार ११ महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, नोंदणी हवीच. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून ठेवलेला कागद पुरेसा नाही. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर कायदा अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतो. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणि खर्च किती? ७,००० रुपये भाडं, ३०,००० रुपये डिपॉझिट, ११ महिने. एकूण भाडं ७७,००० आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दरानं धरलेलं व्याज २,७५० मिळून ७९,७५० रुपये. त्यावर ०.२५ टक्के म्हणजे साधारण २०० रुपये मुद्रांक शुल्क. ग्रामपंचायत हद्दीत नोंदणी फी ५०० रुपये, शहरी हद्दीत १,००० रुपये. शिवाय थोडं दस्त हाताळणी शुल्क. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आधार आणि बोटाच्या ठशानं हे घरबसल्या होतं. एवढ्या रकमेसाठी टाळाटाळ करणारा मालक २५ लाखांच्या घराचा विमा नाकारतोय, असंच म्हणायला हवं.

भाडेकरूलाही या कागदाचा फायदा आहे. मुलांचा शाळाप्रवेश, गॅसचं कनेक्शन, बँकेतला पत्ता, सगळीकडे नोंदणीकृत करार चालतो. डिपॉझिट किती दिलं याचा वादही राहत नाही. भाडेकरूची माहिती स्थानिक पोलीस ठाण्याला किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर कळवावी.

घर दिल्यावर काय सांभाळायचं?

ठाण्यात राहून आटगावचं घर सांभाळणं म्हणजे शेजाऱ्याच्या भरवशावर राहणं. कुलूप, मोटर, लाईटबिल, सोसायटीची मिटिंग, प्रत्येक गोष्टीला एक सुट्टी जाते. एखादा स्थानिक माणूस थोड्या मोबदल्यावर हे बघतो, तो खर्चही हिशेबात धरावा. महावितरणचं बिल भाडेकरूनं भरायचं ठरलं तरी मीटर मालकाच्या नावावर असतं, म्हणून दर महिन्याला ऑनलाईन तपासत राहणं बरं. भाडं रोखीत न घेता खात्यात घ्यावं. पुढच्या कर्जाच्या वेळी बँक नोंदणीकृत करार आणि खात्यातल्या नोंदी बघूनच भाडं उत्पन्नात धरते.

भाडं थकलं म्हणून पाणी किंवा वीज तोडणं हा मार्ग नाही. भाडेकरूच्या आवश्यक सेवा तोडायला भाडे नियंत्रण कायदाच मनाई करतो.

सोसायटी भाड्यानं दिलेल्या घरावर बिनभोगवटा शुल्क लावते. ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. अनेक सोसायट्या याहून बरंच जास्त घेतात आणि बाहेरगावी राहणारा मालक निमूट भरतो.

आणि ते तलावाकाठचं फार्महाऊस?

शनिवार-रविवार भाड्यानं देण्यासाठी तानसा तलावाजवळ जागा घ्यायचा विचार असेल, तर नकाशा आधी बघा. तानसा अभयारण्य १९७० मध्ये जाहीर झालं, तलाव त्याच्या पोटात आहे आणि धरण मुंबई महापालिकेचं आहे. अभयारण्याभोवती इको-सेन्सिटिव्ह झोन आहे. तिथे नव्या व्यावसायिक हॉटेल आणि रिसॉर्टवर कडक निर्बंध आहेत. 'लेक व्ह्यू' लिहिलेल्या प्लॉटचा गट क्रमांक घेऊन वन विभागाच्या शहापूर कार्यालयात आणि तलाठ्याकडे चौकशी करायला एक दिवस पुरतो.

स्वतःची शेती असलेल्या स्थानिक शेतकऱ्यासाठी मात्र वाट मोकळी आहे. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. त्यात पर्यटन विभागाकडे नोंदणी करून शेतावरच्या खोल्या पाहुण्यांना देता येतात. माहुली किल्ला, आजोबा डोंगर, माळशेज घाट इथे येणारी मंडळी पावसाळ्यात आणि हिवाळ्यात राहायला जागा शोधतात. बाहेरच्या गुंतवणूकदाराला लागणारं जमिनीचं कर्ज या शेतकऱ्याला लागत नाही, जेवण घरचं असतं आणि देखरेखीला दुसरा माणूस ठेवावा लागत नाही. फक्त मार्च ते मे हे तीन महिने पाहुणेही कमी असतात आणि विहिरीतलं पाणीही.